मानेभोवतीची रेघ

कांताबाई रामटेके यांचा वाढदिवस एक जूनला असतो. त्यांच्या वयाच्या निम्म्या महाराष्ट्राचा त्याच दिवशी असतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहून टाकलेली तारीख, खरी कुणाला ठाऊक. पण यंदा ऐंशी पुरी होणार होती. खडकीच्या घरी जेवणाचा बेत ठरला, दोन्ही आत्या येणार होत्या, आणि नातीने, चैतालीने, मनाशी ठरवलं की आजीला तिच्या लग्नाच्या फोटोचं पेन्सिल-स्केच करून द्यायचं. चांगलं दोन बाय तीन फुटांचं, बाहेरच्या खोलीची भिंत भरून टाकील असं.

चैतालीचा धंदाच तो होता. कर्वेनगरात एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर तिने ऋतुजा नावाच्या मैत्रिणीबरोबर दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेतला होता. ऋतुजा सकाळी कंपनीत गेली की बाहेरची खोली हाच चैतालीचा स्टुडिओ. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवत. लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या वडिलांचे, आणि कुत्र्यांचे तर फारच. त्यांची ती स्केचं करून देई. बटण दाबलं की स्केच होतं, मग तुम्ही काय करता, असं विचारणारं गिऱ्हाईक आठवड्यातून एक तरी भेटे. अशांना ती सांगे की मग बटण तुम्हीच दाबा.

बटणाचं काम असे, पण ते पहिल्या पायरीपुरतं. फोटो आधी काळा-पांढरा करायचा. त्याची दुसरी प्रत काढून ती उलटी करायची, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, आणि ती मूळ फोटोवर नेमकी बसवायची. दोघी एकमेकींना खाऊन टाकतात आणि पडदा कोरा होतो. मग वरची प्रत थोडीथोडी धूसर करत गेलं की त्या कोऱ्यावर रेघा उमटू लागतात. जिथे जिथे उजेड आणि अंधार एकमेकांना भिडलेले असतात तिथे तिथे. त्या रेघांवरून पुढे चैताली टॅब्लेटवर पेनने स्वतः काढत जाई. कुठली रेघ ठेवायची, कुठली सोडायची, हे तिचं तिलाच ठरवावं लागे, आणि पैसे खरे त्याचेच होते.

लग्नाचा फोटो खडकीच्या घरी बाहेरच्या खोलीत, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींपासून जरा बाजूला टांगलेला असे. खुर्चीवर बसलेली सोळा वर्षांची कांताबाई, तिच्या शेजारी उभे आजोबा, सीताराम रामटेके, एक हात खुर्चीच्या पाठीवर. आजोबांना जाऊन बारा वर्षं झाली होती. जन्मभर त्यांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केली. चौकटीला कसर लागलीय, बदलून आणते, असं सांगून चैतालीने फोटो उतरवला तेव्हा आजी म्हणाली होती की आहे तिथं बरा आहे, कशाला हलवतेस. म्हाताऱ्या माणसांना काहीही हलवलेलं आवडत नाही, म्हणून चैतालीने तिकडे लक्ष दिलं नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ती कामाला बसली. फोटो चौकटीतून काढला. मागच्या पुठ्ठ्यावर खडकी बाजारातल्या स्टुडिओचा शिक्का होता आणि त्यात तारीख: मार्च १९६९. लग्न तर एकसष्ट सालचं. नंतर कधी तरी प्रत काढून घेतली असेल, असं म्हणून तिने तो स्कॅन केला, वरची प्रत उलटी केली, आणि हळूहळू धूसर करत गेली.

आधी आजी आली. कपाळावरच्या बटा, नाकाचा शेंडा, लुगड्याचा काठ, सगळं तुटक, हलकं, खऱ्या पेन्सिलीने काढावं तसं. खुर्चीचे पाय आले. मागच्या रंगवलेल्या पडद्यावरचे खांब आले. आणि मग आजोबा आले, आणि चैतालीचा हात थांबला.

आजोबांच्या डाव्या कानाखालून एक रेघ निघाली होती. ती जबड्याच्या कडेने खाली उतरून कॉलरवरून सरळ आडवी गेली होती, उजव्या कानामागून वर चढली होती आणि केसांभोवती फिरून पुन्हा जिथल्या तिथे येऊन मिळाली होती. काळी, सलग, कुठेही न तुटलेली. जिवंत माणसाच्या फोटोत अशी रेघ कधी मिळत नाही. केस हवेत विरतात, मान सावलीत बुडते, कडा कुठे तरी सुटतेच. अशी बंद रेघ मिळते ती एकाच कारणाने, आणि ते कारण चैतालीला पुरतं ठाऊक होतं, कारण तिने स्वतः अशा कितीतरी रेघा लपवल्या होत्या. वडील माझ्या लग्नाआधीच गेले, त्यांना लग्नाच्या फोटोत आणा, म्हणणारी गिऱ्हाइकं तिच्याकडे नेहमी येत. डोकं कापून दुसऱ्या अंगावर बसवलं की कडा राहते. ती घासून, रंगवून नाहीशी करावी लागते. या फोटोत कुणी तरी ती ब्रशने फार सफाईने नाहीशी केली होती. नुसत्या डोळ्याला ती इतकी वर्षं दिसली नव्हती.

तिने फोटो मोठा करून पाहिला. आजीच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून पडला होता. नवऱ्यामुलाच्या कोटावरही डावीकडून. आजोबांच्या चेहऱ्यावर मात्र तो उजवीकडून होता.

तिने भावाला, रोहनला, फोन लावला. तो हिंजवडीत नोकरीला होता आणि रविवारी अकराच्या आत उठत नसे. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की यात काय एवढं; फोटो काढताना आजोबांचे डोळे मिटले असतील, स्टुडिओवाल्याने दुसऱ्या फोटोतलं डोकं लावून दिलं असेल. हे पटण्यासारखं होतं. चैतालीला एकदम हलकं वाटलं. तिने चहा करून घेतला आणि कड पुसून पुढचं काम करावं म्हणून पुन्हा टॅब्लेट पुढ्यात ओढला.

आता हात राहिला होता. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला नवऱ्यामुलाचा हात. ती अंगठ्यावर पेन टेकवून रेघ ओढायला गेली आणि पेन तिने पुन्हा उचलून घेतलं.

पडद्यावरचा अंगठा आखूड होता. पहिलं पेर इतर बोटांसारखंच, पण वरचं जणू ठेचून रुंद केलेलं, आणि त्यावर रुंदीला जास्त, लांबीला कमी असं नख. तो अंगठा ती रोज पाहत होती. या क्षणी तो पेनाभोवती आवळलेला होता. तिच्या दोन्ही हातांना तसे अंगठे होते, तिच्या बाबांच्या दोन्ही हातांना तसेच होते. लहानपणी शाळेत तिला त्यावरून चिडवत तेव्हा आजी सांगायची की माझ्या मामाकडून आलाय तो. आणि आजोबांचे हात लांब बोटांचे होते, बासरी वाजवणाऱ्याचे असावेत तसे. दोन्ही आत्यांचेही तसेच.

आजीचा मामा काही तिच्या शेजारी नवरा म्हणून उभा राहिला नसता.

चहा तसाच राहिला. ती किती तरी वेळ एकदा स्वतःच्या हाताकडे, एकदा पडद्याकडे बघत बसली. मनात जे येत होतं ते पुरतं येऊ द्यायचं धाडस होत नव्हतं. शेवटी टॅब्लेट पिशवीत टाकून ती स्कूटरवर खडकीला निघाली. विद्यापीठाच्या चौकात सिग्नल हिरवा झाला तरी ती उभीच होती. मागच्याने हॉर्न न वाजवता नुसतं विचारलं की ताई, इथेच राहायला आलात का.

घरी आजी एकटीच होती. आई पिंपरीला मावशीकडे गेली होती. बाबा, म्हणजे मिलिंद रामटेके, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून दुपारी विहारातलं वाचनालय सांभाळत, ते पाचला यायचे. आजी स्वयंपाकघरात खाली बसून लाखोरीची डाळ निवडत होती. ही डाळ पुण्यात कुणी खात नाही. भंडाऱ्याहून कुणी आलं की तिच्यासाठी घेऊन येतं.

चैतालीने टॅब्लेट तिच्यासमोर धरला आणि बोटाने ती रेघ दाखवली.

"आजी, हे डोकं या अंगाचं नाही."

कांताबाईंनी चष्मा सावरून बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला नाही. फक्त डाळीत फिरणारा हात थांबला.

"एवढं दिसतं का गं यात?" त्या म्हणाल्या. "स्टुडिओवाला म्हणाला होता, कुणाला कळायचं नाही."

चैतालीला वाटलं होतं की आजी नाही म्हणेल, चिडेल, निदान काय बोलतेस म्हणून विचारेल. त्यातलं काहीच झालं नाही. याचाच तिला धक्का बसला. साठ वर्षं जपलेली गोष्ट आजीने परत मागितलेल्या वाटीसारखी काढून समोर ठेवली.

मग कांताबाई सांगत गेल्या, मध्येच एखादा खडा उचलून बाजूला टाकत. सीतारामला थोरला भाऊ होता. लहानपणीच गेला, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. तो लहानपणी गेला नव्हता. बावीस वर्षांचा होऊन, कारखान्यात नोकरीला लागून, लग्न करून मग गेला. कांताबाईंचं लग्न त्याच्याशी झालं होतं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी दोघांनी बाजारात जाऊन फोटो काढला. पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर तो घराचे पत्रे ठोकायला वर चढला, उतरताना गंजका खिळा पायात गेला. हळद भरून कामावर गेला. आठव्या दिवशी जबडा उघडेना. धनुर्वात. दवाखान्यात पाच दिवस काढले. कांताबाई तेव्हा चार महिन्यांच्या गरोदर होत्या.

"मिलिंद त्यांचा," आजी म्हणाली. चैतालीने ते आधीच ओळखलं होतं.

धाकटा सीताराम तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. कॉलेजात जायचं म्हणत होता. घर चालायला हवं म्हणून भावाच्या जागी कारखान्यात लागला. दोन वर्षांनी सासऱ्यांनी विचारलं आणि तो हो म्हणाला. विहारात जाऊन दोघांनी फुलं वाहिली, पंचशील घेतलं, झालं लग्न. मिलिंद तेव्हा दीड वर्षाचा होता, सीतारामलाच बाबा म्हणायला लागला होता. फोटो कुणी काढला नाही. दुसऱ्या वेळेला कोण फोटो काढतो.

"पहिला फोटो ट्रंकेत होता. मिलिंद सहा-सात वर्षांचा झाला, ट्रंकेत हात घालायला लागला. एक दिवस फोटो घेऊन आला. आई, तुझ्याजवळ हा कोण उभा आहे? मी म्हटलं, आहे कुणी तरी. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी उठले आणि स्टुडिओत गेले. यांच्या कारखान्याच्या पासाचा फोटो नेला बरोबर. म्हटलं, याचं तोंड त्याला लावून दे."

"आजोबांना विचारलं नाहीस?"

"नाही विचारलं."

सीताराम संध्याकाळी घरी आला तेव्हा नवा फोटो भिंतीवर होता. तो पाहत उभा राहिला. जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही जेवला नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला की दादाला तू दुसऱ्यांदा मारलंस. मग तो स्वतः स्टुडिओत गेला, जुना फोटो परत मिळेल का म्हणून. पण रंगकाम जुन्या फोटोवरच केलं होतं आणि त्यावरून नवा फोटो काढला होता. मूळ फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, केव्हाच धुऊन दुसऱ्या कामाला गेली होती. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं तो त्या घरात राहिला, पण फोटोविषयी कधी चकार शब्द बोलला नाही. चैतालीला आठवलं की आजोबांची खुर्ची त्या भिंतीलाच असे. फोटो त्यांच्या डोक्यामागे. आल्या-गेल्याला तो दिसे, त्यांना दिसत नसे.

"नाव काय होतं त्यांचं?" तिने विचारलं.

कांताबाईंनी नवऱ्याचं नाव, कुठल्याच नवऱ्याचं, कधी घेतलं नव्हतं.

"तुळशीराम."

"कसे दिसायचे?"

हा प्रश्न चैतालीने सहज विचारला होता. तिच्या मनात धंदेवाईक विचारही येऊन गेला होता की आजीने नीट वर्णन केलं तर चेहरा काढता येईल, पोलीस काढून घेतात तसा. पण आजीने डाळीचं सुपडं खाली ठेवलं.

"मला आठवत नाही गं. एक वर्ष होते. माझी नजर वर करून बघायची सवय नव्हती तेव्हा. नंतर जेव्हा जेव्हा आठवायला गेले, तेव्हा हा फोटो समोर, आणि त्यात तुझे आजोबा. हळूहळू तेच आठवायला लागले. आता डोळे मिटले तरी तेच दिसतात. ते मुळीच दिसत नाहीत."

एका माणसाचा चेहरा या जगात कुठेच नव्हता. कागदावर नव्हता, काचेवर नव्हता, त्याच्याबरोबर एक वर्ष राहिलेल्या बाईच्या डोक्यातही नव्हता. आणि तो माणूस तिचा आजोबा होता.

बाबांना माहीत आहे का, असं तिने विचारलं. नाही, आजी म्हणाली. पण आता तुला कळलं म्हणजे त्याला कळायला हवं. तू सांगू नकोस. मी सांगते.

मिलिंद पाचला आले. येताना पाव घेऊन आले होते. कांताबाईंनी त्यांना चहा दिला, चहा संपू दिला, आणि मग तीन-चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं. मिलिंदनी मध्ये काही विचारलं नाही. ते उठून बाहेरच्या खोलीत गेले. भिंतीवर फोटोच्या जागी फिकट चौकोन होता, तो बघून परत आले. मग त्यांनी चैतालीकडून टॅब्लेट मागून घेतला. चष्मा कपाळावर सरकवून ती रेघ अगदी जवळून पाहिली, आणि मग खाली तो हात. आपला उजवा हात त्यांनी पडद्याशेजारी ठेवला. बराच वेळ ठेवला.

"तुला कुणी सांगितलं होतं हे उकरायला?" ते चैतालीला म्हणाले.

आवाज चढवला नव्हता. बाबा कधी चढवत नसत. पण बासष्ट वर्षांच्या त्या शांत माणसाच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. घरात शिरावं आणि आपलं घर ओळखू येऊ नये, तसं काही तरी. ते चपला घालून बाहेर पडले आणि साडेआठला परत आले. खडकी स्टेशनवर बसलो होतो, एवढंच त्यांनी चैतालीच्या आईला सांगितलं. मग पंधरा दिवस ते चैतालीशी बोलले नाहीत. आईशी मात्र बोलत होते, म्हणजे कांताबाईंशी, औषधं घेतलीस का, पाणी आलं का, असं. ते ऐकून चैतालीची आई फोनवर हळू आवाजात म्हणायची की हे बरं लक्षण आहे की वाईट, मला कळत नाही.

दरम्यान रोहनला सगळं कळलं होतं आणि त्याने आपल्या परीने मदत केली. एक जूनच्या जेवणाला तो आला तो फोनमध्ये एक चेहरा घेऊन. बाबांचे, त्याचे स्वतःचे, आजोबांचे तरुणपणचे फोटो एका अ‍ॅपमध्ये टाकून त्याने तुळशीराम कसे दिसत असतील ते काढून घेतलं होतं, आणि त्याचं पेन्सिल-स्केचही करून घेतलं होतं. चार मिनिटं लागली, तो म्हणाला. चेहरा देखणा होता. भुवया बाबांच्या, जबडा आजोबांचा, डोळे कुणाचे कोण जाणे. मिलिंद त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिले की पुरणपोळी ताटात थंड झाली. आत्या रडायला लागल्या. शेवटी फोन कांताबाईंकडे गेला.

त्यांनी पाहिला. "असेलही," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तर असेल."

एवढं सरळ बोलल्या, पण चैतालीच्या ध्यानात आलं. आजी कुठलाही चेहरा मान्य करायला तयार होती. उद्या दुसरा दाखवला असता तर तोही केला असता. आणि एकदा हा भिंतीवर लागला की महिन्या-दोन महिन्यांत तिला तोच आठवायला लागेल, जसे आजोबा आठवायला लागले तसे. एकोणसत्तर साली स्टुडिओवाल्याने जे केलं होतं ते आपण पुन्हा करतो आहोत, फक्त ब्रशऐवजी फोनने. तिने रोहनला बाजूला घेऊन तो चेहरा पुसून टाकायला सांगितलं. तो वैतागला, मेहनत केली, म्हणाला. चार मिनिटांची, चैताली म्हणाली. हे त्या दोघांचं बोलणं मिलिंदनी ऐकलं असावं, कारण हात धुताना ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि पंधरा दिवसांनंतर पहिल्यांदा बोलले.

"गावी जाऊन येऊ," ते म्हणाले. "तिकडे कुणाकडे तरी एखादा फोटो असेल. येतेस?"

गाव भंडारा जिल्ह्यात, पवनीच्या बाजूला. मिलिंद तिथे चाळीस वर्षांत गेले नव्हते. रेल्वेने नागपूर, तिथून एसटी, आणि पुढे एका ओळखीच्याची जीप. रस्ताभर बापलेक फारसे बोलले नाहीत. एकदाच, वर्धा स्टेशनवर गाडी थांबलेली असताना, मिलिंद खिडकीतून बाहेर बघत म्हणाले की दहावीत गणितात नापास झालो तेव्हा बाबांनी मला मारलं नाही, तुझ्या आत्याला मात्र त्याच वर्षी मारलं होतं. मला वाटायचं मी लाडका आहे म्हणून.

फोटो मिळाला नाही. तीन घरं पाहिली. एका घरात अल्बम होता, पण तो ऐंशी सालानंतरचा. शेवटच्या घरात भागरथाबाई नावाची तुळशीरामची चुलत बहीण होती, नव्वदीच्या पुढची, डोळे गेलेली. तिला सीताराम आठवत नव्हता, कांता आठवत नव्हती. पण तुळशीरामचं नाव काढल्याबरोबर ती हसली. त्याची जीभ अडायची, ती म्हणाली. पहिल्या अक्षराला अडायचा. गुरुजी हजेरी घ्यायचे तर "हजर" म्हणेपर्यंत पुढच्या दोघांची नावं होऊन जायची. चेहरा कसा होता, मिलिंदनी विचारलं. माणसासारखा होता, म्हातारी म्हणाली. दुसरं काही तिला सांगता आलं नाही.

एवढंच घेऊन दोघं परत आले. चैतालीला वाटत होतं की आजीला हे सांगूच नये. दोन दिवसांच्या प्रवासाचं एवढंसं फळ. पण मिलिंद हातपाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि म्हणाले की फोटो नाही मिळाला आई, कुणाकडेच नाही. भागरथाबाई भेटली. ती म्हणाली, त्यांची जीभ अडायची.

कांताबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात पिठातच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी चैतालीने पुढे होऊन गॅस बंद केला. आजी तिच्याकडे बघतही नव्हती. डोळे विस्फारून ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, कुणी तरी मागून हाक मारल्यासारखी.

"हो," ती म्हणाली. "हो की. अडायची. मी कशी विसरले?"

चैतालीने करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

"माझं नावच अवघड होतं त्यांना," ती म्हणाली. "लोकांपुढे हाक मारायचीच नाही, लाज वाटायची. घरात कुणी नसलं की मारायचे. मी मुद्दाम ओ द्यायची नाही, पुरतं म्हणेपर्यंत." पिठाचा हात तिने छातीशी धरला होता. मग तिने ओठ मिटले, हनुवटी जरा पुढे काढली, आणि साठ वर्षांत घरात कुणी ऐकला नव्हता अशा आवाजात, हळूच, म्हणाली:

"कां... कां... कां... कांता."

मिलिंद खाली मान घालून ऐकत होते. "आणखी एकदा म्हण," ते म्हणाले.